पाठमोरं रीडिंग

आमचे रीडिंगकाका खोटं बोलणाऱ्याला एक वेळ माफ करत, पण खोटं रीडिंग लिहिणाऱ्याला नाही. अमरावतीच्या कॉलेजात ते फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. मीटरकडे न बघता कुणी आकडा मांडला, की वही ओढून घेत. "काट्याले इचारलं काय? मंग कोनाले इचारून लिवलं बे?" मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि पुढे अकोल्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागलो.

रिटायर होऊन ते चांदूर रेल्वेला गेले, तोवर काकूंना कमी ऐकू येऊ लागलं होतं. विकतच्या यंत्रात त्यांना नुसता गोंगाट ऐकू येई. मग काकांनी स्वतःच एक डबा बनवला. माइक, हेडफोन आणि चार छोटे खटके. खटके वरखाली केले की आवाज कधी जाड, कधी बारीक होई. अशा सोळा तऱ्हा. काका वही घेऊन काकूंकडे पाठ करून बसत आणि प्रत्येक तऱ्हेला विचारत, "ऐकू येऊन राहिलं काय?" पाठ काहून, तर "तोंड पाहून हो म्हनलं, तर ते रीडिंग नोय." अकराव्या तऱ्हेला काकू खुदकन हसल्या. "येऊन राहिलं! केवढ्यानं वरडून राहिले!"

मग काकांचे हात कापायला लागले. एक खटका धरायला जावं तर दोन पडत. मला हुरूप आला. "काका, खटके काढूनच टाकू. मायक्रोकंट्रोलर बसवतो. एक मोठं बटन दाबायचं, पुढची तऱ्हा चिप आपोआप लावेल." काकांनी डब्यावरून एकदा हात फिरवला. "लाव," म्हणाले, "तू शिकेल-सवरेल हाय."

ती वर्षं वऱ्हाडात वाईटच होती. कापसाला भाव नव्हता, प्रॅक्टिकलच्या बॅचमधली पोरं एकेक करून गळत होती, आणि लाईट दिवसातून चारदा जायची. लाईट आली की चिप पुन्हा पहिल्या तऱ्हेवर. मोजत मोजत अकरापर्यंत जावं, तर कापऱ्या बोटानं बटन दोनदा दाबलं जाई आणि अकरा हुकायचा. काका फोनवर म्हणाले, "बाबू, खटक्याले लाईटीशी काई घेनं नव्हतं. जिथं ठेवला तिथं राहे. तुया चिपले काई यादच राहत नाई."

चूक माझी होती. शेवटची तऱ्हा चिपच्या मेमरीत जपून ठेवायची, एवढंच राहिलं होतं. वऱ्हाडात राहून मी लाईट जाणारच नाही असं धरून चाललो होतो! "पुढच्या रविवारी येतो," म्हणालो. मग परीक्षा, पेपर, दिवाळी. चार ओळींच्या प्रोग्रामला मी चार महिने लावले. याची मला आजही लाज वाटते. काकू 'हो' म्हणेनाशा झाल्या होत्या, आणि काकांना वाटत होतं, आपलंच बोट चुकतंय.

शेवटी गेलो. नवी चिप बसवली, अकरा लावला, प्लग काढून परत लावला. डबा थेट अकरावर आला. वही माझ्याकडे देऊन काका पाठ करून बसले.

"ऐकू येऊन राहिलं काय?"

काकू गप्प. बारा, तेरा, सोळा, पुन्हा एकपासून. काकू शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता, काकांना नाही. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. आवाज स्वच्छ येत होता. डब्यात काहीच बिघाड नव्हता.

काकांनी अकरा लावला आणि खुर्ची फिरवली. काकूंच्या अगदी समोर बसून विचारलं, "ऐकू येऊन राहिलं काय?"

काकूंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि हसल्या. "येऊन राहिलं."

माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "लिव. अकरा."

मी लिहिलं.