हाताची घडी घालणाऱ्या बाई

प्रसूतिगृहात बावीस वर्षं आया म्हणून राबलेल्या त्या बाईंचे हात इतके बसलेले, की रडतं पोर त्यांच्या खांद्यावर गेलं की मिनिटात गप्प. पुढे त्यांना बाळंतिणींच्या घरी भेटी देण्याचं काम मिळालं आणि महिन्याभरातच त्यांनी हेरलं, की पोर आपल्याकडे शांत झालं की त्याच्या आईचा चेहरा उतरतो. तेव्हापासून त्या बाळाला हात लावेनात. हाताची घडी घालून बसत. नर्सनी त्यांचं नाव ठेवलं घडीबाई.

अशाच एका घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतली आई एकोणीस वर्षांची, अनाथाश्रमात वाढलेली. नवरा दारू सोडवायच्या केंद्रात. दूध वेळेवर, लंगोट कोरडे. पण पाजताना नजर भिंतीवर.

"हिला मायाच नाही," सासू म्हणाली. "तुम्ही तरी घ्या हो त्याला."

"मी घेईन, पण उद्या मी नसेन. तुम्ही जरा चहा टाका, साखर बेताची."

सासू आत गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, त्याला मी आवडतच नाही. आजीकडे गप्प असतो."

"त्यालाच विचारू की."

त्यांच्या सांगण्यावरून तिनं पाच आठवड्यांचं बाळ दोघींच्या मध्ये गादीवर ठेवलं. घडीबाईंनी होता नव्हता तेवढा गोडवा गळ्यात आणला, "अरे लबाडा, माझ्या सोन्या..." बाळ छताकडे बघत राहिलं.

"आता तू बोल."

"काय बोलू?" तिनं घडीबाईंनाच विचारलं, तर बाळाची मान तिच्याकडे वळली.

तिला पटेना. दोघींनी जागा बदलल्या. मान पुन्हा तिच्याकडेच.

"पोटात असल्यापासून हाच आवाज ऐकलाय त्यानं," घडीबाई म्हणाल्या. "माझा कितीही गोड असला, तरी परकाच."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग वाकून म्हणाली, "मला काही येत नाही रे." त्यानं ओठांचा चंबू केला आणि तिला हसू फुटलं. चहा घेऊन आलेली सासू कपबशी खाली ठेवून बाळाला उचलायला धावली, तर घडीबाईंनी कप उचलला आणि तिच्या हातात रिकामी बशी दिली.

त्या दर आठवड्याला जात राहिल्या. नवरा घरी आला तेव्हा बाळाला कसं घ्यायचं ते तिनंच शिकवलं, "आधी आवाज दे, मग उचल." वर्षाअखेरच्या भेटीत पोरानं भोकाड पसरलं. सासू उठली तशी ती म्हणाली, "बसा हो आई. झोप आलीय त्याला, मला कळतं."

घडीबाईंनी पिशवी उचलली. पुढचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती, म्हणून त्या गुडघ्यांना दटावत निघाल्या.