रतनबाईंचं ‘पाहा’ कार्ड

पाथर्डीच्या एका कॉलेजात आजवर पाच ग्रंथपाल येऊन गेले. ग्रंथालय परिचर मात्र एकच, रतनबाई गर्जे. नगरला बरी जागा मिळाली की ग्रंथपाल जातात. रतनबाई सत्तावीस वर्षं तिथंच आहेत. पुस्तकाचं नाव अर्धंमुर्धं सांगा, त्या बोलणं न थांबवता कपाटात हात घालून ते काढून देतात. शिवाय तालुक्यातल्या कितीतरी सोयरिकी त्यांनी जमवल्यात. कोणाची लेक कुठं दिली, कोणाचा मामा कुठल्या गावचा, सगळं तोंडपाठ. त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फार फुशारकी मारत नाही.

त्यांचं जन्माचं नाव मनकर्णा. मनकर्णा श्रीमंत पालवे. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला देवळाली प्रवऱ्याकडे जायचे, आणि ही पोरगी उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून दहावीचा अभ्यास करायची. पास झाली आणि लगोलग लग्न झालं. सासरी नणंदेचं नावही मनकर्णाच निघालं. एका घरात दोन मनकर्णा कशाला, म्हणून सासूनं सुनेचं नाव रतन ठेवलं. गंमत अशी की दोनच महिन्यांनी नणंद लग्न होऊन गेली आणि तिच्या सासरच्यांनी तिची कमल केली. एवढा खटाटोप करून घरात मनकर्णा एकही उरली नाही.

पुढं कॉलेजात परिचराची जागा निघाली. मुलाखतीला बसलेले साहेब म्हणाले, “सर्टिफिकेट मनकर्णाचं, अर्ज रतनचा. तुम्ही नक्की कोण?” तीन महिने तहसीलच्या चकरा, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव. शेवटी नोकरी लागली, पण ती रतनला. मनकर्णा कागदावरून गेली ती गेलीच.

त्या काळात ग्रंथालयात कार्डांची कपाटं होती. लहान लहान खण, त्यात दोऱ्यासारख्या सळईत ओवलेली कार्डं. ती लावायचं काम रतनबाईंकडे होतं. त्यातलं ‘पाहा’ कार्ड त्यांना फार आवडायचं. एखाद्या लेखकाची दोन नावं असली की एका नावाच्या कार्डावर नुसतं लिहिलेलं असायचं: पाहा, अमुक अमुक. म्हणजे कुठल्याही नावानं या, माणूस सापडायचाच. माणसांसाठी अशी सोय सरकारनं का केली नाही, हा त्यांचा जुना सवाल होता. पुढं कॉम्प्युटर आले, कार्डं रद्दीत निघाली. रतनबाईंनी ‘पाहा’ कार्डांचा एक खण मागच्या खोलीत उचलून ठेवला. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

डेटाबेसमध्ये शोधनिबंध कसे शोधायचे हे त्या पोरांच्या पाठीमागे उभं राहून, टेबल पुसता पुसता शिकल्या. एक टेबल पुसायला अर्धा तास लागतो तो उगीच नाही. आत्ताचे ग्रंथपाल समर्थ सर, हुशार आणि मनानं चांगले. पण त्यांचं एकच म्हणणं, “मावशी, सगळं करा, कॉम्प्युटरला तेवढा हात लावू नका.” तरी एकदा मधल्या सुट्टीत सर चहाला गेले असताना रतनबाईंनी शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर शोधत स्वतःचं माहेरचं नाव टाकलं. उत्तर आलं, एकही निकाल सापडला नाही. येणार हे माहीत होतंच. तरी दिवसभर मन लागलं नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत ज्ञानेश्वरीवर संकट आलं. देवळाली प्रवऱ्याच्या शेतकऱ्याची ही मुलगी, कॉलेजात पीएच.डी. करत होती. विषय पेवांचा. जमिनीखालच्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षं कीड न लागता कशी टिकते, आतली हवा कशी बदलते, हे तिनं तीन वर्षं अकरा पेवांत यंत्र उतरवून मोजलं होतं. प्रबंध द्यायच्या आधीच्या सादरीकरणाला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “पेवातल्या हवेवर फार पूर्वी कोणीतरी काम केलेलं मी वाचलंय. नाव आठवत नाही. ते शोधून तुमच्या आकड्यांशी ताडून दाखवा, नाहीतर हे प्रकरण काढा.” मुदत सोमवारची. आणि ते प्रकरण काढलं तर प्रबंधात पुठ्ठाच उरत होता.

ज्ञानेश्वरी तीन दिवस डेटाबेससमोर बसून होती. पेव टाक, धान्यसाठा टाक, भूमिगत टाक. कधी दहा हजार निकाल, कधी शून्य. हाती लागला तो एक्क्याण्णव सालचा एकच शोधनिबंध, दातार नावाच्या कोणाचा. त्यात लिहिलं होतं, ‘प्रस्तुत लेखिकेने पूर्वी मोजल्याप्रमाणे’. म्हणजे जुनं काम होतं! पण स्कॅन करणाऱ्यानं संदर्भांचं शेवटचं पान गाळलं होतं, आणि पंच्याऐंशीच्या आधी दातार नावानं एक ओळही नव्हती.

“जुने अंक सगळे डेटाबेसमध्ये चढलेले नसतात,” शनिवारी दुपारी समर्थ सर म्हणाले. त्यांनीही सकाळपासून डोकं खपवलं होतं. “आता नाद सोड, ज्ञानेश्वरी.”

ज्ञानेश्वरीनं टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. शेजारचं टेबल बराच वेळ पुसलं जात होतं, ते थांबलं.

“ज्ञाना, त्या नावाम्होरं कंसात काय हाय गं?” रतनबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

“मिसेस. जुन्या अंकांत बायकांच्या नावाला लावायचे, मावशी.”

“मंग तिचं लगीन झालंया की! तुमी सासरचं नाव धुंडाळताय. काम तिनं माहेरी असताना केलं असंल. दातार कशी घावायची तिथं?”

समर्थ सर खुर्चीत सरळ बसले. ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले आणि लगेच तिचा चेहरा पडला. “पण माहेरचं आडनाव कुठून आणायचं? आणि कोणी पहिलं नावही बदललं असेल तर?”

“बदलत्यात ना. मला इचार,” रतनबाई म्हणाल्या. “हे बघ, पोरीचं माहेर घावंना तर मामा गाठायचा. मामा न्हाई बदलत. हिला शिकवलं कुनी, ते लिवलंय का कुठं?”

लिहिलं होतं. पहिल्याच पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, लेखिकेनं आपल्या जुन्या मार्गदर्शकांचे आभार मानले होते. प्रा. वि. ग. टिपणीस. ज्ञानेश्वरीनं तीन दिवस आणि सरांनी सकाळपासून ती ओळ आभाराची म्हणून सोडून दिली होती. आभार कोण वाचतं!

ज्ञानेश्वरीनं टिपणीस टाकलं, वर्षं सत्तर ते पंच्याऐंशी. तेवीस निकाल आले. तिघं एकेक बघत खाली सरकले. कापूस, कापूस, तूर, कापूस. सतराव्या ओळीवर रतनबाईंनी ज्ञानेश्वरीचा हात धरला. कुमारी एन. आर. साठ्ये आणि वि. ग. टिपणीस, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, ‘साठवणीतील ज्वारीच्या दाण्याचे श्वसन’. नावात ना पेव, ना भूमिगत. शब्द टाकून तो जन्मात सापडला नसता.

“ही तीच कशावरून?” समर्थ सर म्हणाले. ग्रंथपालाला शोभेलसाच प्रश्न होता.

ज्ञानेश्वरीनं दोन्ही निबंध शेजारी लावले. एक्क्याण्णवच्या निबंधात ‘पूर्वीची मोजणी’ म्हणून दिलेला तक्ता अठ्ठ्याहत्तरच्या निबंधात जसाच्या तसा होता, आकडा न् आकडा. साठ्येबाईंनी एकाच पेवात सहा आठवडे हवा मोजली होती आणि शेवटी लिहिलं होतं, अधिक पेवांत, अधिक काळ कोणी मोजायला हवं.

“मी मोजलंय ना!” ज्ञानेश्वरी ओरडली. तिनं आपला तक्ता काढला. साठ्येबाईंचे आकडे तिच्या आकड्यांच्या ओळीत अलगद जाऊन बसले. शेहेचाळीस वर्षांपूर्वी एका पोरीनं अर्धं सोडलेलं काम दुसऱ्या पोरीनं पुरं केलं होतं, दोघींना एकमेकींचा पत्ताही नसताना. ‘शांतता राखा’च्या पाटीखाली ज्ञानेश्वरीनं रतनबाईंना मिठी मारून गरकन फिरवलं, आणि समर्थ सर चक्क टाळ्या वाजवत होते.

“लग्नागत गोंधळ घातलाय, खाली ठिव मला,” रतनबाई म्हणाल्या. पण त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

सोमवारी प्रबंध गेला. परीक्षकांनी प्रकरण नुसतं ठेवलं नाही, तेच सर्वांत उत्तम असा शेरा दिला. समर्थ सरांनी रतनबाईंसाठी कॉम्प्युटरचा वेगळा पासवर्ड काढला आणि म्हणाले, “मावशी, आता टेबलं कमी पुसा.” मागच्या खोलीतला कार्डांचा खणही त्यांनी काचेच्या कपाटात मांडला.

त्याआधी, शनिवारीच संध्याकाळी, प्रबंध छापायला द्यायच्या आधी ज्ञानेश्वरी विचारायला आली होती, “आभारात तुमचं नाव कसं लिहू? रतनबाई आदिनाथ गर्जे ना?”

रतनबाई उठल्या. त्यांनी मागच्या खोलीतल्या खणातून एक कोरं कार्ड काढलं, पेननं सावकाश लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. “अस्संच छाप. एक अक्षर बदलू नगंस.”

जूनमध्ये प्रबंध विद्यापीठाच्या डेटाबेसवर चढला. समर्थ सरांनी बोलावलं, तेव्हा रतनबाईंनी हात पदराला पुसले आणि खुर्चीत बसल्या. उभ्यानं नाही, बसून. एकेक अक्षर शोधत त्यांनी नाव टाकलं. मनकर्णा श्रीमंत पालवे.

एक निकाल सापडला.

त्यांनी पान उघडलं. आभाराच्या सर्वांत वरच्या ओळीत छापलं होतं:

गर्जे, रतनबाई. पाहा: पालवे, मनकर्णा श्रीमंत.