पाठीवरच्या सासूबाई

शिलाईवालीने मनाशी पक्कं केलं होतं, की इमारतीत आग लागलीच, तर सासूबाईंना पाठीवर घेऊन जिना उतरायचा. सासूबाईंचे पाय कधीच संपावर गेलेले, नवरा दिवसभर कामावर आणि घर चौथ्या मजल्यावर. म्हणजे जे काही करायचं ते हिनेच.

सोफ्याच्या जाड कापडाची तिने झोळी शिवली, खांद्यांना दोन रुंद पट्टे लावले. आधी त्यात कापडाचे तागे भरून जिना चढउतार सुरू केला. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावरच छातीचा भाता व्हायचा.

"काय वहिनी, दुकान फिरतीवर काढलंत?" खालचे भाऊजी विचारायचे.

"हो ना, मापं जिन्यातच घेते. पोट आत ओढू नका, दिसलंय मला!"

दम टिकू लागला, तशी तिने एक दिवस सासूबाईंनाच पाठीवर घेतलं. पहिल्याच वळणावर त्यांनी घाबरून कठडा गच्च धरला आणि दोघी कोलमडता कोलमडता वाचल्या.

"आई, कठडा सोडा!"

"मी सोडीन गं, पण तू मला सोडलंस तर?"

शिलाईवाली पायरीवर टेकली. आपण पाय कमावले, पण पाठीवरच्या माणसाच्या भीतीचं काय?

मग रोज दुपारी सासूबाईंचा सराव. हात छातीशी, श्वास सावकाश, आधी एकच पायरी. शिवाय त्यांना कामही दिलं: खांद्यावरून पुढे बघायचं आणि वाट सांगायची. सुनेच्या चुका दाखवण्यात हयात गेलेली; हे काम त्यांना लगेच जमलं.

एका सकाळी शेजारच्या स्वयंपाकघराने पेट घेतला. जिन्यात धूर भरू लागला. दोघींनी नाकातोंडावर ओली फडकी बांधली, शिलाईवालीने घाईघाईने सासूबाईंना पाठीवर घेतलं. रोजचा पट्टा, आणि बक्कल काही लागेना.

"अगं, आधी डावा," पाठीमागून शांत आवाज आला. "श्वास घे. आता उजवा. हं, चल."

बक्कल लागलं. दोघी निघाल्या.

"वळण आलं. भिंतीकडून. पुढची पायरी फुटकी आहे, डावीकडे सरक."

कठडा हाताशी होता. सासूबाईंचे हात छातीवरून हलले नाहीत.

खाली अंगणात भाऊजींनी धावत खुर्ची आणली. सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या, मोकळ्या हवेत पोटभर खोकल्या आणि म्हणाल्या, "पट्ट्याला एक खिसा शीव. चष्मा वरच राहिला."

"मग वाट कशी सांगितलीत?"

"रोज दुपारी काय झोपा काढल्या मी तुझ्या पाठीवर?"