चौकातली बॅटरी

जुन्नरच्या पेठेतला बॅटरीवाला मला कधी एक रुपया सोडत नसे, याचा राग अजून आहे. भारत-पाकिस्तान मॅचला वीज गेली की मात्र तो चौकातल्या टीव्हीला फुकट बॅटरी जोडायचा आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा.

"चाचा, मॅच बघा की."

"तुमी बघा शेट. मी तुमाला बघतो."

"खेळानं दोन देश जवळ येत्यात म्हणे."

"येत असतील राव. मला या पेठेत ऱ्हायचंय."

एकदा आपण हरत आलो. लोक त्याच्या दुकानाकडे बघू लागले, तेवढ्यात पडदा काळा झाला.

"बॅटरी उतरली," तो म्हणाला.

वायरचा चिमटा त्याच्या मुठीत मला दिसला. मग त्या बॅटरीला सगळ्यांत मोठ्यानं शिव्या मीच घातल्या. लोक हसत पांगले. तो मात्र चौक रिकामा होईपर्यंत चिमटा धरून उभा होता.