पाहुण्यांच्या आधी उकळणारी केटल

या ग्रुपवर कुणी भुताखेताचा अनुभव टाकला की खाली "आधी वायरिंग चेक करा" अशी कमेंट करणारी एक खडूस बाई आहे ना... ती मी. कित्येक वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. जी गोष्ट पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती घडलीच नाही, असं मानणारी आमची जमात. आता तुम्ही मला काय लिहिणार ते ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते – वायरिंग चेक केलंय. वायरिंग उत्तम आहे.

जागा: उत्तर यॉर्कशर, एका लष्करी छावणीला लागून असलेली घरांची वसाहत. नाव सांगत नाही, नवऱ्याने तंबी दिली आहे. माझा नवरा समीर ब्रिटिश आर्मीत इंजिनिअर. तो नॉटिंगहॅमला वाढला, त्याचे आईवडील तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. मी पुण्याची. लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, लंडन नाही तर निदान नॉटिंगहॅम तरी मिळेल. मिळालं ते आर्मीचं क्वार्टर. बाहेरून सगळी घरं एकसारखी, आतून सगळ्या भिंती एकाच फिक्कट पिवळट रंगाच्या, आणि खिळा ठोकायचा तर आधी परवानगी. या वसाहतीला इथे 'पॅच' म्हणतात. पॅचवर मी 'समीरची बायको' आणि सरकारी कागदावर 'डिपेंडंट'. पुण्यात माझ्या हाताखाली अख्खी टीम होती हो!

आम्ही राहायला आलो आणि पाठोपाठ समीर सहा महिन्यांसाठी बाहेर गेला. कुठे ते विचारू नका, मलाही धड सांगितलं नव्हतं. आठवड्यातून एखादा फोन, तोही तुटक. आजूबाजूला मेंढ्या, वारा, आणि दारावर बेल वाजवणाऱ्या बायका. मी ठरवून टाकलं – ईस्टर झाला की पुण्याला जायचं, जुन्या कंपनीत पुन्हा लागायचं. समीरला 'थोडे दिवस' म्हणून सांगितलं होतं. खरं म्हणजे परत येईन की नाही, हे मलाच माहीत नव्हतं. भांडण काही नव्हतं. माणूस आवडत होता, पण तो माणूसच तिथे नव्हता.

तर केटल.

साधी, पांढरी, सुपरमार्केटातून आणलेली इलेक्ट्रिक केटल. एका सकाळी मी लॅपटॉपवर नोकरीच्या जाहिराती बघत होते आणि स्वयंपाकघरातून खळखळ आवाज आला. जाऊन बघते तर केटल उकळतेय. मी लावली नव्हती. बटण खट्कन वर आलं आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारची लिटिया, हातात केळ्यांचा केक. लिटिया फिजीची, तिचा नवराही आर्मीत. बाई आडव्या बांध्याची, आवाज खणखणीत, आणि 'नको' हा शब्द तिला ऐकूच येत नाही.

"वा, चहा टाकलासच!" म्हणत ती आत येऊन बसली. आम्हा पुणेकरांच्या घरी न कळवता आलेल्याला आधी पाणी विचारतात, चहाचं नंतर बघू. पण उकळलेल्या केटलसमोर काय बोलणार?

पुढे हे होतच राहिलं. केटल उकळली की बेल वाजणार. मी म्हटलं, थर्मोस्टॅट खराब. नवी केटल आणली. तीच कथा. मग इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने सगळे सॉकेट उघडून पाहिले आणि "लव्हली वायरिंग" असं सर्टिफिकेट दिलं. तो यायच्या आधीही केटल उकळली होतीच, त्यामुळे त्यालाही चहा मिळाला.

आता मी रीतसर टेस्टिंगला लागले. निष्कर्ष असे निघाले की पार्सलवाला, मीटरवाला, दारात उभ्याउभ्या पावत्या फाडणारे चॅरिटीवाले यांच्यासाठी केटल ढिम्म राहते. आत येऊन बसणाऱ्यांसाठीच उकळते. आणि पाणी! इथलं पाणी जड, केटलला आतून पांढरा थर बसतो, म्हणून मी दर वेळी ती रिकामी करून ठेवते. तरी उकळायची तेव्हा पाणी असायचंच, आणि नेमकं तेवढंच. बाजूला कपांच्या खुणा असतात ना? लिटिया एकटी येणार असेल तर दोन कप. ती सासूला घेऊन आली त्या दिवशी तीन. शेवटी मी प्लग काढून, केटल उचलून खिडकीत ठेवली. त्या दुपारी आवाज आला नाही. मी विजयी मुद्रेने दार उघडलं. लिटिया आत आली, केटलला हात लावला आणि "आई गं!" अशा अर्थाचं काहीतरी फिजियन भाषेत ओरडली. बोट भाजलं होतं तिचं.

मी माझ्या सासूबाईंना फोन लावला.

"अहो आई, घरात केटल आपोआप उकळतेय."

"मुग्धा, तू नीट जेवतेस ना? आयर्न चेक करून घे बरं," सासूबाई म्हणाल्या. जन्मभर डॉक्टरकी केली, त्यांना सगळ्या रोगांवर आयर्नच सुचतं.

समीरचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो त्याच्या नॉटिंगहॅमच्या मराठीत म्हणाला, "केटलचा भूत आहे म्हणजे? Well, at least तो चहा करतो. तू जाऊ नको ना पुण्याला... भूत एकटा पडेल." हसलो दोघं. फोन ठेवल्यावर मी थोडी रडले, ते त्याला सांगितलं नाही. तिकीट काढून झालं होतं.

आता त्या दिवसाचं सांगते. पण आधी पॅचवरचा एक नियम सांगायला हवा, कुठेही न लिहिलेला. नवरे बाहेर असतात तेव्हा युनिफॉर्ममधल्या दोन माणसांनी न कळवता कुणाच्याही दारात जायचं नाही. कारण तसे दोघं आले की त्याचा एकच अर्थ असतो. लिटियाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि सांगताना ती कधी नव्हे ते हळू बोलली होती.

मी बॅग भरत होते. भर दुपार. केटल सुरू झाली. मनात म्हटलं, आली लिटिया. पण आवाज नेहमीचा नव्हता, जड येत होता. बघितलं तर केटल काठोकाठ भरलेली, वरच्या खुणेच्याही वर, झाकणातून पाणी उडतंय. मी खिडकीचा पडदा सरकवला. गेटमधून दोन माणसं येत होती. दोघंही युनिफॉर्ममध्ये.

बेल वाजली. मी दार उघडलं नाही. हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. डोक्यात एकच – जोवर मी दार उघडत नाही तोवर समीर ठीक आहे. मला त्याचा चेहरा आठवेना, फक्त 'भूत एकटा पडेल' हे वाक्य ऐकू येत होतं. आणि काय मूर्ख मन असतं बघा, टेस्टिंग चालूच होतं... वाईट बातमी आणणारे आत येऊन बसतात. म्हणजे केटल त्यांच्यासाठी उकळणारच. पण मग एवढं पाणी कशाला?

पुन्हा बेल वाजली. आणि बाहेर पळत येणाऱ्या पावलांचा आवाज. मग लिटिया दार ठोकायला लागली. "मुग्धा! उघड! मी आहे, मी आहे इथे!"

मी दार उघडलं. समोर दोन कोवळी पोरं, मिसरूड जेमतेम फुटलेली, हातात छावणीतल्या फॅमिलीज डेच्या पोस्टर्सची गुंडाळी. "मॅम, खिडकीत एक लावाल का? मुलांना उड्या मारायला बाउन्सी कॅसल पण आहे..."

पोस्टर. पोस्टर लावायला आले होते!

त्यांच्या मागे पॅच उभा होता. अख्खा पॅच. खिडकीतून दोन युनिफॉर्म माझ्या दारात बघितले आणि हातातलं टाकून जी ती धावत सुटली होती. एकीच्या डोक्याला डाय लावलेला, कानावरून ओघळतोय. एक अनवाणी. एकीच्या हातात तशीच करवतीसारखी ब्रेडची सुरी, ती बघून पोरं अजूनच घाबरली. त्यातल्या निम्म्या बायकांची नावंही मला माहीत नव्हती.

मग मी त्या पोरांना मराठीत जे काही सुनावलं, ते इथे लिहिलं तर ॲडमिन मला काढतील. उरलेलं लिटियाने फिजियनमध्ये पूर्ण केलं. एक जण रडायच्या बेताला आला. "आम्हाला कुणी सांगितलं नाही, मॅम," एवढंच म्हणत राहिला. शेवटी त्यालाच खुर्ची द्यावी लागली.

सगळे आत आले. माझ्या घरात तेवढे कप नव्हते, काहींनी चहा वाट्यांत आणि मोजायच्या जगमध्ये घेतला. केटलमधलं पाणी शेवटच्या माणसापर्यंत पुरलं, आणि संपलं. लिटिया माझा हात सोडायलाच तयार नव्हती, त्यामुळे मी डाव्या हाताने चहा प्यायले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटल्याचा राग आला, इतकं.

पुण्याला गेले मी. आईच्या हातचं खाल्लं, जुन्या ऑफिसातही डोकावून आले, आणि परत आले. समीर सुखरूप आला. दुसऱ्या केटलनंतर तिसरी झाली, तीही तशीच. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर लिहा, फक्त वायरिंगचं नको.

समीर आल्यावर लिटियाचा नवरा बाहेर गेला. मागच्या महिन्यात मी बाजूच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना रस्त्यावर गाडी थांबली. त्यातून युनिफॉर्ममधले दोघं उतरले, एकाच्या गळ्यात पाद्र्याची पट्टी. ते लिटियाच्या गेटाकडे वळले. (तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. आता तो प्लास्टर मिरवत घरी बसलाय आणि तिचं डोकं खातोय.) पण तेव्हा कुणाला काय माहीत? ते बेलपर्यंत पोचायच्या आत मी तिच्या दारात होते, एका पायात चप्पल, खांद्यावर समीरचा ओला शर्ट.

संध्याकाळी समीरने विचारलं, "त्या वेळी आपला केटल उकळला होता का गं?"

मी बघायला थांबलेच नव्हते.