एक पंप, एक शेतकरी

हवामान बदल आवरायला कोणता उपाय किती स्वस्त पडेल, हे संगणकावर मांडून बघणं हे माझं काम. कोळसा किती कमी करायचा, सौर वीज किती आणायची, हे ठरवणारे लोक आमचं मॉडेल पुढ्यात घेऊन बसतात. माझ्याकडे शेतीपंप होते. मी धरून चाललो : एक पंप, एक शेतकरी. त्या हिशेबानं दिवसाचे थोडे तास सौर वीज पुरेशी, रात्रीच्या कोळशाची गरजच नाही. धूर कमी, खर्चही कमी. साहेब खूश, मीही खूश.

पुढे त्याच हिशेबावर अमडापूरजवळच्या आमच्या गावाला रात्रीची वीज बंद होऊन दिवसाची आली. बाबा फोनवर म्हणाले, "आता रातच्याले वावरात जा लागत नाही, लय बेस झालं." दोन दिवस मी ऐटीत होतो.

मार्चमध्ये घरी गेलो, तर काकूच्या कांदा-बियाण्याच्या प्लॉटनं माना टाकलेल्या. मधले काका गेल्यापासून ती एकटीच वावर करते, आणि तिचं वर्ष त्याच बियाण्यावर निघतं. आमची विहीर बाबा, धाकटे काका आणि काकू या तिघांत, पंप एकच, पाणी पाळीनं. रात्रीची विजेची लाइन लांब असायची, एका रात्रीत दोघांचं भिजायचं. दिवसाची आखूड, एकाचंच जेमतेम होतं. काकूची पाळी लांबली ती ऐन दाणा भरताना.

हात् तिच्या! याच विहिरीवर पाळीसाठी चुलतभावांशी भांडून मी मोठा झालो, आणि लिहिलं काय, तर एक पंप, एक शेतकरी.

काकू बांधावर बसून म्हणाली, "एका पंपावर एकच घर असते, असं कोन्या सायबाले वाटलं असन रे?"

गप्प राहता आलं असतं. "मलेच वाटलं, काकू," मी म्हणालो. लाज वाटली, फार वाटली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू तं याच विहिरीचं पानी पेलास ना बाबू?"

परत आल्यावर मी ती ओळ बदलली. पंपामागे घरं किती, पाळ्या किती, ते घातलं. खर्च वाढला. साहेब कुरकुरले, "एवढ्याशानं सगळं चित्र बिघडवलंस." मी हटलो नाही. शेवटी नवा आकडा पुढच्या धोरणासाठी वर गेला, तेव्हा काकूला फोन केला.

"बरं केलं," ती म्हणाली. "म्या तं कालच प्लॉटात ढोरं सोडली."