हेलीकर, मुक्काम कनेरगाव नाका

लग्न होऊन मालन कुरुंद्याला आली, तेव्हा नवऱ्यापेक्षा नवऱ्याच्या आडनावाचं तिला जास्त नवल वाटलं. माहेरी अर्धं गाव जाधव आणि उरलेलं कदम. हेलीकर हे नाव तिनं लग्न ठरेपर्यंत ऐकलं नव्हतं. पत्रिका छापणाऱ्यानंही नव्हतं, म्हणून त्यानं परस्पर हेळेकर छापलं होतं.

"हेली गाव कोनीकडं हाय वो?" तिनं नव्याच्या नवलाईत नवऱ्याला विचारलं.

"कुठंच न्हाई," सोमेश्वर म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

सोमेश्वर हेलीकर मुळातच अबोल माणूस. त्यात शाळेत पोरांनी त्याला 'हेलिकॉप्टर' करून टाकलेलं. हजेरीत नाव आलं की सगळा वर्ग डोक्यावर हात गरागरा फिरवायचा. मास्तरसुद्धा तोंड फिरवून हसायचे. मोठेपणी कोणी नाव विचारलं की तो नुसतं 'सोमेश्वर' म्हणून थांबायचा. गॅझेटात देऊन आडनाव बदलून घ्यायचं, काहीतरी चारचौघांसारखं लावायचं, हे त्याच्या मनात पक्कं होतं. फक्त त्याचे वडील, म्हणजे तातेराव, जिवंत असेपर्यंत ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

मालन याच्या अगदी उलट. तिला बोलल्याशिवाय अन्न पचत नसे, आणि नुसतं खरंच बोलायचं असा तिचा हट्टही नव्हता.

शहाण्णव साली दोघा नवराबायकोंनी कुरुंदा सोडलं आणि हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला ढाबा टाकला. चार बाजा, एक भट्टी, वर पत्रे. पिठलं, भाकरी, ठेचा आणि दिवसभर चहा. पाटी लिहायला वाशीमचा पेंटर आला. सोमेश्वर म्हणाला, "हॉटेल जयभवानी लिव्ह." मालन म्हणाली, "जयभवानी या रोडला पायलीचे पन्नास हायेत. हॉटेल हेलीकर लिव्ह. दुसरं कुठं सापडलं तर मला सांग." पेंटरनं मराठीत लिहिलं आणि खाली हौसेनं इंग्रजीतही लिहिलं. एक 'एल' पुरेसा असताना त्यानं दोन घातले, कारण दोन 'एल' टाकले की नावाला वजन येतं असं त्याचं मत होतं. शेवटचा 'कर' त्यानं मोटारीच्या 'कार'सारखा लिहिला. इंग्रजी वाचणारं त्या रस्त्यानं कोणी थांबत नव्हतं, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते पुढं. कारण पाटी वाचून प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारायचं, "हेलीकर म्हंजे काय वो मावशी?"

पहिल्या वर्षी मालननं खरं उत्तर दिलं, की माहीत नाही. पण तेच तेच बोलून ती कंटाळली. मग एका विमा एजंटाला तिनं सांगितलं, की आमचं हेली गाव सिद्धेश्वरच्या धरणात बुडालं, उन्हाळ्यात पाणी आटलं की मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो. एजंटाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो एक भाकरी जास्त खाऊन गेला. पंजाबी ट्रकवाल्यांना सांगितलं, की आमच्या वावरात हेलिकॉप्टर पडलं होतं. नांदेडच्या एका प्राध्यापकाला सांगितलं, की आमच्या पणज्याचा हेला, म्हणजे रेडा, एवढा तगडा होता की निजामाची चिखलात रुतलेली तोफ त्यानं एकट्यानं ओढून काढली. प्राध्यापकानं ते लिहून घेतलं, तेव्हा मालन भट्टीमागं जाऊन पदर तोंडात कोंबून हसली.

सोमेश्वर म्हणायचा, "कवातरी अंगलट येईल."

"कोनाच्या अंगलट येतंय? खाऊन जातेत न्हवं का लोकं!"

औरंगाबादहून भाड्याची गाडी घेऊन येणारा दिपक नावाचा ड्रायव्हर तिथं नेहमी थांबायचा. एकदा त्यानं विचारलं, तेव्हा मालनला नवीन काही सुचेना. समोरून हिंगोलीची गाडी चालली होती. हिंगोलीला निजामाच्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांची छावणी होती, हे तिनं ऐकलेलं. ती म्हणाली, "आमच्या मालकाचा खापरपणजा गोरा सायेब होता. हेलीकर सायेब. छावनीत ऱ्हायचा. आमच्या खापरपणजीच्या हातची भाकर खाल्ली अन् इलायतेला जायचंच इसरला."

दिपक म्हणाला, "क्या बात है," आणि ढेकर दिला.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात हाच दिपक पांढरी गाडी घेऊन आला. गाडी आधी पाटीपुढून सुसाट गेली. मग करकचून थांबली आणि उलटी उलटी येत बाजांपाशी उभी राहिली. आतून एक उंच, लालबुंद, पिकल्या केसांचा गोरा म्हातारा उतरला. तो मालनकडं पाहीना, भट्टीकडं पाहीना. पाटीकडं बोट दाखवून स्वतःच्या छातीवर थापा मारायला लागला.

"काय झालं यायला? ठसका लागला का?" मालननं विचारलं.

दिपकचा चेहरा फुलला होता. "मावशी, याचं नावच हेलीकर! नॉर्मन हेलीकर! अक्षराला अक्षर बराबर, पाटीवर हाय तसंच!"

साहेबाची हकीकत अशी होती. पेन्शनीत निघाल्यापासून त्यानं एकच छंद धरला होता, आपलं आडनाव जगात कुठं कुठं आहे ते शोधायचं. नाव फार दुर्मीळ. सगळ्या विलायतेतले हेलीकर गोळा केले तर एका मंगल कार्यालयात जेवून उठतील, एवढेच. थोडे ऑस्ट्रेलियात, थोडे कॅनडात. त्याचा कोणी चुलत पणजोबा हिंगोलीच्या छावणीत होता म्हणे, म्हणून तो जुन्या खुणा बघायला निघाला होता. आणि वाटेत ही पाटी.

"मावशी," दिपक म्हणाला, "मी त्याला सांगून टाकलं, तुमी मागं सांगितलेलं. खापरपणजा, छावणी, भाकर, सगळं."

मालनच्या हातातला पोळपाट खाली पडला.

तिनं साहेबाकडं पाहिलं. म्हाताऱ्याचे निळे डोळे भरून आले होते. धरणात बुडालेल्या गावासाठी विमा एजंट रडला तेव्हा मालनला गंमत वाटली होती. आता ती वाटेना.

"दिपक, त्याला सांग, मी आपली बोलायची म्हनून बोलले."

"न्हाई वो मावशी. त्यानं आत्ताच मला बक्षिसी दिली. आता कसं सांगू?"

तेवढ्यात सोमेश्वर पाण्याची घागर घेऊन आला. साहेबानं त्याला पाहिलं, पिशवीतून एक फोटो काढला आणि सोमेश्वरच्या कानाशी धरला. फोटोत साहेबाचा आजा होता, आणि त्याचे कान सुपासारखे होते. सोमेश्वरचेही होते. साहेबानं सोमेश्वरला घागरीसकट कवेत घेतलं.

"ह्यो कोन?" सोमेश्वर भिजत भिजत म्हणाला.

"तुमचा भाऊबंद हाय," मालन म्हणाली. दुसरं तिला काही सुचलं नाही.

साहेब हिंगोलीला मुक्कामाला गेला, उद्या परत येतो म्हणून. इकडं सोमेश्वरची चाल बदलली. जन्मभर ज्या नावानं त्याला खाली बघायला लावलं, ते नाव थेट विलायतेचं निघालं होतं. संध्याकाळी त्यानं केसांना पाणी लावून भांग पाडला. गिऱ्हाइकानं पैसे दिले तर 'थँक्यू' म्हणाला. आणि मालनला म्हणाला, "आजपासून माझ्या चहात दूध नगं."

मालननं कपाळाला हात लावला. नाक्यावरच्या एसटीडीवरून तिनं कुरुंद्याला शेजाऱ्यांकडं फोन लावला. या घोळातून सोडवील असा एकच माणूस होता, तिचा सासरा. पण फोनवर आला थोरला दीर, व्यंकटराव. त्याला अर्धंच ऐकू आलं, आणि जे आलं त्यात 'विलायत' आणि 'भाऊबंद' हे दोनच शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीची पोती वाहणारा टेम्पो ढाब्यापुढं उभा राहिला. त्यातून जगातले उरलेसुरले सगळे हेलीकर उतरले. बायका नऊवारीत, व्यंकटराव इस्त्रीच्या धोतरात, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून काठी टेकत तातेराव. व्यंकटरावनं उतरताच विचारलं, "इलायतेला जमीन किती हाय त्यायची? आपला वाटा बसतो का?"

"मामा," मालन सासऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "माझं तोंड लई चाललं. आता मला निस्तरेना." आणि तिनं सगळं सांगितलं.

तातेराव सत्तरी ओलांडलेला, सुकल्या हळकुंडासारखा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गालात जीभ फिरवली. "हेल्याची गोष्ट तूच सांगितली व्हय त्या नांदेडच्या मास्तरला? मला वसमतच्या बाजारात एकानं इचारलं, तुमच्या हेल्यानं तोफ वढली का म्हनून. मी म्हनलं, दोन वढल्या."

गाडी आली. साहेब उतरला आणि टेम्पोभर हेलीकर बघून जागच्या जागी विरघळला. कोणी पाया पडत होतं, कोणी हाताला हात लावून गोरेपण तपासत होतं. तातेरावनं त्याला बाजेवर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि दिपकला म्हणाला, "मी सांगतो ते जसंच्या तसं सांग. बक्षिसीचं नंतर बघू."

मग त्यानं सांगितलं. त्याचा आजा छावणीत होता, हे खरं. पण साहेब म्हणून नव्हे, हेलकरी म्हणून. हेल म्हणजे ओझं, आणि साहेब लोकांचे तंबू, पेट्या, पाण्याच्या पखाली वाहायचा तो हेलकरी. तातेरावच्या बापाला शाळेत घातला तेव्हा निजामाचं राज्य, मास्तर उर्दूत लिहिणारा. त्याच्या हातून शेवटच्या 'ई'चं 'ये' अक्षर दोन घरं अलीकडं सरकलं, आणि हेलकरीचा हेलीकर झाला. "ही आमची सून," तातेराव म्हणाला, "तिला रोज नवी गोष्ट लागते. तिच्यावर राग धरू नका. धरला तर माझ्यावर धरा, मी तिला कधी खरं सांगितलंच न्हाई. तिच्या गोष्टी जास्त बऱ्या होत्या."

दिपकनं मान खाली घालून सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेब हातातल्या फोटोकडं बघत राहिला. मालनला वाटलं, भट्टीत उडी घ्यावी.

"त्याला इचार," तातेराव म्हणाला, "त्याच्या नावाचा अर्थ काय?"

साहेबानं घसा साफ केला. नक्की कोणालाच माहीत नाही, पण एक मत असं, की जुन्या इंग्रजीत घरावर छप्पर घालणाऱ्या गवंड्याला असं काहीसं म्हणायचे. त्याची आजी मात्र मरेपर्यंत सांगायची, की आपण एका सरदाराच्या वंशातले.

तातेराव मांडीवर थाप मारून म्हणाला, "मंग जमलं की! तुमी कवलं चढवनार, आमी कवलं वाहून आननार!"

दिपकनं हे सांगितलं आणि साहेब हसायला लागला. एवढा हसला की त्याला उचकी लागली, आणि मालननं धावत जाऊन त्याला गूळ दिला. हसणं ओसरल्यावर त्यानं मालनकडं बघून काहीतरी म्हटलं.

"काय म्हनला?"

"म्हणतो, त्याची आजी आणि तुमी एका मुशीतल्या," दिपक म्हणाला. "हेल्याची गोष्ट त्याला पुन्हा ऐकायची हाय. तोफेसकट."

व्यंकटरावनं तेवढ्यात जमिनीचं विचारून घेतलंच. साहेब म्हणाला, तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. व्यंकटराव टेम्पोत जाऊन बसला.

सोमेश्वर मात्र खांबाला टेकून उभा होता. एका रात्रीत मिळालेलं विलायतेचं नाव सकाळी ओझ्याचं झालं होतं. साहेबाचं त्याच्याकडं लक्ष गेलं. काय झालं म्हणून त्यानं दिपकला विचारलं, आणि दिपकनं शाळेतल्या हेलिकॉप्टरची गोष्ट सांगितली, हात फिरवून. साहेब गंभीर झाला. मग त्यानं बाजेवर सोमेश्वरसाठी जागा केली. साहेबाच्या शाळेतली पोरं त्याच्या आडनावाचे दोन तुकडे करायची. पहिल्या तुकड्याचा अर्थ नरक, दुसऱ्याचा मोटार. नॉर्मन नरकाची मोटार. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लग्न केलं नाही त्याचं अर्धं कारण तेच, बायकोला हे नाव कशाला द्यायचं.

सोमेश्वरनं ते ऐकलं. आधी त्याचे कान लाल झाले, मग खांदे हलायला लागले. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती, पण नवरा पोट धरून हसताना मालननं पहिल्यांदाच पाहिला. "नरकाची मोटार!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि साहेब डोक्यावर हात गरागरा फिरवत होता. पाटीखाली सगळ्यांचा फोटो काढला. त्यात दोघांच्या कानांमुळं मागच्या बायका झाकल्या गेल्या.

गॅझेटाची गोष्ट सोमेश्वरनं त्यानंतर काढली नाही. चहात दूध पुन्हा सुरू झालं, कारण बिनदुधाच्या चहानं त्या रात्री त्याचं पोट बिघडलं होतं.

साहेबाचा फोन दर दिवाळीच्या आसपास यायचा, आधी एसटीडीवर, पुढं सोमेश्वरनं मोबाईल घेतल्यावर त्याच्यावर. दिपक जवळ नसायचा. साहेब आपल्या भाषेत बोलायचा, मालन आपल्या. ती सांगायची की म्हैस व्याली, लेक प्रियदर्शनी नववीत गेली, मामांचा गुडघा दुखून राहिला. तिकडून तो काय सांगायचा देव जाणे. मालन मध्येमध्ये "व्हय, व्हय" म्हणायची, तो "येस, येस" म्हणायचा.

"काय बोलला?" सोमेश्वर विचारायचा.

मालन फोन पदराला पुसत म्हणायची, "त्यायच्याकडं हेला हरवला म्हनं राणीचा. सगळी पलटन शोधून राहिली," आणि भाकरी उलटायला भट्टीकडं जायची.